प्लेटो लोकशाहीवर एवढा का चिडला होता, आणि ग्रीकांच्या न्यायाचं आपण काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की, ज्या अथेन्सला सगळे लोकशाहीचं माहेरघर म्हणतात तिथलेच प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल लोकशाहीला नावं का ठेवतात? प्लेटोचा न्याय म्हणजे 'ज्याने त्याने आपापलं काम करावं' एवढंच असेल तर ते चातुर्वर्ण्यच झालं की नाही? आणि आजच्या निवडणुकांशी या सगळ्याचा काही संबंध लागतो का? मी पाश्चात्य राजकीय विचारांचा पेपर बरीच वर्षं शिकवतोय आणि हे तिन्ही प्रश्न वर्गात कोणी ना कोणी विचारतंच, पण गाईडमध्ये जे उत्तर असतं (प्लेटो आदर्शवादी, अ‍ॅरिस्टॉटल वास्तववादी, पाच मार्क) त्याने काहीच कळत नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

प्लेटो उघडण्याआधी अथेन्सचा कारभार चालायचा कसा ते बघा, कारण त्याचं भांडण 'लोकशाही' नावाच्या कल्पनेशी नव्हतं, तो ज्या गावात राहत होता त्या गावाच्या रोजच्या कारभाराशी होतं. आपण लोकशाही म्हटलं की निवडणूक डोळ्यासमोर येते. तिथे बहुतेक पदं सोडतीने भरली जायची. इसपू 508 च्या सुमारास क्लाइस्थेनीसने जी घडी बसवली आणि पुढे जी पक्की होत गेली त्यात 500 जणांचं एक मंडळ होतं, दहा टोळ्यांतून प्रत्येकी 50, सोडत काढून, मुदत एक वर्ष, आणि एका माणसाला आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. या 500 पैकी 50 जण आळीपाळीने रोजचा कारभार बघायचे आणि त्यांच्यातून दररोज एक अध्यक्ष, तोही सोडतीने, एका दिवसापुरता. त्या दिवशी खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का त्याच्याकडे. म्हणजे सकाळी कुंभार असलेला माणूस संध्याकाळपर्यंत कागदोपत्री राज्याचा प्रमुख, आणि दुसऱ्या दिवशी परत चाकावर! आपल्याकडेही सोडत निघते, पण ती महापौरपदाच्या आरक्षणाची नाहीतर म्हाडाच्या घरांची, त्या खुर्चीवर कोण बसणार ते काही चिठ्ठीने ठरत नाही. तिथे ठरायचं.

मोठे निर्णय प्निक्स टेकडीवरच्या सभेत व्हायचे, जिथे कुठलाही प्रौढ नागरिक जाऊन बोलू शकत होता, मत देऊ शकत होता. युद्ध करायचं की नाही हेही तिथेच हात वर करून. प्रतिनिधी वगैरे भानगड नाही.

कोर्टं तर अजून वेगळी. दरवर्षी 6000 पंचांची यादी, वयाची अट 30 वर्षं, एकेका खटल्याला 201 किंवा 501 असे पंच बसायचे. न्यायाधीश नाही, सरकारी वकील नाही, पंचांनी आपसात चर्चा करायची नाही, दोन्ही बाजूंनी पाणघड्याळ लावून भाषणं करायची आणि लगेच मतदान. अपील नाही. पंचांना पेरिक्लीस या पुढाऱ्याच्या काळापासून भत्ता मिळायला लागला, पुढे तो दिवसाला तीन ओबोल (तिथलं छोटं नाणं) झाला, मजुरीच्या मानाने कमीच पण म्हाताऱ्या गरीब माणसाचं भागायचं. कोणता पंच कुठल्या कोर्टात बसणार हे आधीच कळलं तर लाच चालेल, म्हणून पुढच्या शतकात त्यांनी दगडाचं एक सोडत यंत्र बनवलं, त्यात खाचा असायच्या आणि पंचांच्या नावाच्या पट्ट्या त्यात खोचायच्या. त्याचा तुकडा आजही अथेन्सच्या अगोरा म्युझियममध्ये बघायला मिळतो. माझ्या मते तो दगड बघितल्यावर ग्रीक लोकशाही जितकी कळते तितकी दहा पुस्तकं वाचून कळत नाही, कारण त्या लोकांचा सत्तेवर विश्वासच नव्हता, प्रत्येक ठिकाणी त्यांनी पाचर मारून ठेवली होती.

एकच मोठं पद निवडणुकीने भरायचे, सेनापतींचं. दहा सेनापती, आणि ते कितीही वेळा निवडून येऊ शकत. पेरिक्लीस सलग पंधरा वर्षं येत राहिला. म्हणजे लढाई आणि जहाजं यांना तज्ज्ञ लागतो हे त्यांना मान्य होतं, बाकी कारभार कोणीही शहाणा माणूस बघू शकतो असं ते धरून चालायचे. (शहाणा नागरिक पुरुष, हे विसरू नका. बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरून येऊन तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेले लोक नाहीत. इसपू 451 पासून तर आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असले तरच नागरिकत्व.)

आता प्लेटो. जन्म इसपू 427 च्या आसपासचा. साधारण त्याच सुमाराला सभेने मिटिलिनी या बंडखोर गावातले सगळे पुरुष मारून टाका असा ठराव केला, गलबत रवाना झालं, रात्री लोकांचा राग शांत झाला आणि दुसऱ्या दिवशी सभेनेच ठराव फिरवून मागून दुसरं गलबत सोडलं, ते जेमतेम वेळेत पोचलं म्हणून लोक वाचले. हे त्याने ऐकलं असणार. पण 406 चं प्रकरण त्याच्या डोळ्यासमोर झालं, तेव्हा तो विशीतला. अथेन्सने आर्गिनुसेची समुद्री लढाई जिंकली पण वादळामुळे बुडणारे स्वतःचे लोक वाचवता आले नाहीत. सभा खवळली, आणि सेनापतींचा वेगवेगळा खटला चालवण्याऐवजी एकाच मतदानात सगळ्यांना दोषी ठरवून जे सहा जण हाती लागले त्यांना ठार केलं, त्यात पेरिक्लीसचा मुलगाही गेला. असं एकत्र मतदान कायद्यात बसत नव्हतं. त्या दिवशी कामकाज चालवणाऱ्या 50 जणांत सोडतीने प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस होता, हा ठराव मांडताच येणार नाही असं तो म्हणाला आणि त्याचं कोणी ऐकलं नाही. नंतर लोकांना पश्चात्ताप झाला, पण काय उपयोग.

404 मध्ये अथेन्स स्पार्टाकडून युद्ध हरलं आणि स्पार्टाच्या जोरावर तीस जणांची राजवट आली. गाईडमध्ये हे एका ओळीत उरकतात, आणि इथेच खरी मेख आहे. या तिसांचा म्होरक्या क्रिटियस, म्हणजे प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. त्याचा सख्खा मामा चार्मिडीस याच राजवटीने पिरेयस बंदरावर नेमलेल्या दहा जणांत होता. दोघंही सॉक्रेटिसच्या बैठकीतले. 'लायक लोकांचं राज्य' आणतो म्हणत आलेल्या या मंडळींनी काही महिन्यांत सुमारे 1500 माणसं मारली, कित्येकांना तर फक्त मालमत्ता लुटायची म्हणून. सॉक्रेटिसलाही त्यांनी सांगितलं की सालामिसच्या लेऑनला पकडून आण, तो सरळ घरी निघून गेला. 403 मध्ये लोकशाही परत आली, तिने माफीचा कायदा केला, जुनी उणीदुणी काढायची नाहीत असं ठरवलं, हे त्या काळाच्या मानाने फारच समजूतदारपणाचं होतं. आणि याच समजूतदार लोकशाहीने 399 मध्ये सॉक्रेटिसला गावचे देव मानत नाही आणि पोरं बिघडवतो म्हणून विषाचा पेला दिला. फक्त तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता, असं प्लेटोच लिहितो.

म्हणजे बघा, या माणसाने घरच्या लोकांची हुकूमशाही पण पाहिली आणि लोकांनी मतदान करून गुरूला मारलेलं पण पाहिलं. त्यामुळे 'प्लेटो उमराव होता म्हणून लोकशाहीविरोधी' हे उत्तर अर्धवट आहे. त्याला प्रश्न असा पडला की दोन्ही बाजूंना न्याय म्हणजे काय हेच माहीत नाही, मग मोजणार कशाने?

आता प्लेटोचा 'रिपब्लिक' हा ग्रंथ उघडा, पहिलं प्रकरण. गप्पा कुठे चालल्यात? पिरेयसला पोलेमार्कसच्या घरी, म्हातारा बाप केफालस बसलाय, ढालींचा कारखाना असलेलं सिराक्यूजहून आलेलं श्रीमंत घर. केफालस म्हणतो न्याय म्हणजे खरं बोलावं आणि ज्याचं त्याला परत द्यावं. सॉक्रेटिस विचारतो, मित्राने शस्त्र ठेवायला दिलं आणि मग तो वेडा झाला, तर परत देणार का? म्हातारा हसून पूजेला निघून जातो. मुलगा पोलेमार्कस म्हणतो, मित्राचं भलं आणि शत्रूचं वाईट करणं म्हणजे न्याय. मग वक्तृत्व शिकवणारा थ्रॅसिमॅकस उसळून म्हणतो, सोडा हो, जो बलवान त्याच्या फायद्याचं असतं त्यालाच न्याय म्हणतात, प्रत्येक सरकार आपल्या सोयीचे कायदे करतं. आता गंमत अशी की (गंमत कसली म्हणा) प्लेटोच्या वाचकाला माहीत होतं की याच पोलेमार्कसला तिसांनी पुढे आरोपसुद्धा न सांगता विष पाजलं, घर लुटलं, त्याच्या बायकोच्या कानातली सोन्याची कुंडलं ओढून काढली. त्याचा भाऊ लिसियस पळून वाचला आणि नंतर कोर्टात हे सगळं त्यानेच सांगितलं. म्हणजे थ्रॅसिमॅकस जे तोंडाने बोलतोय ते ज्या घरावर गुदरणार आहे त्याच घरात प्लेटोने ही चर्चा बसवली आहे. हे लक्षात घेऊन वाचलं तर पहिलं प्रकरण शब्दांचा कीस वाटत नाही.

मग प्लेटोचे सख्खे भाऊ ग्लॉकन आणि अडायमँटस पुढे येतात. ग्लॉकन अंगठीची गोष्ट सांगतो, मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते, तो राणीला फितवतो, राजाला मारतो, राज्य घेतो. अशी अंगठी असली तर कोण सरळ वागेल? लोक न्यायाने वागतात ते पकडले जाण्याच्या भीतीने, आणि कायदा म्हणजे दुबळ्यांनी आपसात केलेला करार. माझ्या मते पूर्ण ग्रंथातला सगळ्यात दमदार युक्तिवाद हा आहे, आणि प्लेटोने तो सॉक्रेटिसच्या विरुद्ध बाजूला दिलाय.

उत्तर म्हणून येतं ते परीक्षेतलं प्रसिद्ध: राज्यात तीन वर्ग, राज्यकर्ते, रक्षक, उत्पादक, मनाचे तीन भाग, बुद्धी, तेज, वासना, आणि प्रत्येकाने आपलं काम करणं, दुसऱ्याच्या कामात न घुसणं म्हणजे न्याय. मग हे चातुर्वर्ण्य का? सरळ हो म्हणता येत नाही. तिथे राज्यकर्त्याला खासगी मालमत्ता नाही, सोन्याचांदीला हात लावायचा नाही, स्वतःचं घर नाही, कुटुंबसुद्धा नाही. राज्यकर्त्यांच्या घडणीत सोनं, रक्षकांच्या चांदी, उत्पादकांच्या लोखंड-पितळ अशी एक कथा तो रचतो, आणि सोन्याच्या घडणीच्या आईबापाला पितळेचं पोर झालं तर दयामाया न दाखवता खालच्या वर्गात पाठवा, आणि खालच्या घरात सोनं निघालं तर वर आणा, असं तो स्पष्ट लिहितो (साधारणपणे पोर आईबापासारखंच निघतं असंही म्हणतो, ते सोयीने विसरू नका). आणि बायका राज्यकर्त्या होऊ शकतात, त्यांना तेच शिक्षण, तीच कसरत. इसपू चौथ्या शतकात हे म्हणणारा दुसरा कोणी मला तरी दाखवा.

पण म्हणून प्लेटो सुटला असं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये चातुर्वर्ण्याची चिरफाड करताना प्लेटोलाच समोर उभं केलंय. त्यांचा आक्षेप नुसता जन्माबद्दल नाही, तो अजून खोल जातो. माणसांना मोजक्या ठळक वर्गांत कोंबणं हेच माणसाबद्दलचं उथळ आकलन आहे, प्रत्येक माणूस वेगळा असतो, त्याच्यात कितीतरी प्रवृत्ती एकत्र नांदतात, हे प्लेटोला दिसलंच नाही. कोलंबियातले त्यांचे शिक्षक जॉन ड्युई यांची तक्रारही जवळपास हीच होती. म्हणजे जन्माऐवजी गुणांवर वर्ग पाडले तरी दोष जात नाही. परीक्षेत प्लेटो आणि वर्ण यांची तुलना आली तर बहुतेक पोरं 'प्लेटोचं गुणावर, आपलं जन्मावर' एवढं लिहून थांबतात. हा मुद्दा घाला.

लोकशाहीवरची त्याची टीका मात्र मी दर वेळी नव्याने वाचतो. जहाजाचा मालक धट्टाकट्टा पण जरा बहिरा आणि कमी दिसणारा, आणि सुकाणू मला दे म्हणून खलाशी त्याच्याभोवती भांडतायत, ज्याला तारे आणि वारे कळतात त्याला ते आकाशाकडे बघणारा बडबड्या म्हणतात. मालक म्हणजे जनता. आठव्या प्रकरणात तो दाखवतो की पैशाच्या हव्यासातून श्रीमंतशाही सडते, कर्जबाजारी लोक उठतात, लोकशाही येते, ती रंगीबेरंगी अंगरख्यासारखी देखणी दिसते, मग त्यातून 'मी तुमचा तारणहार' म्हणणारा एक जण पुढे येतो, शत्रू माझ्या जिवावर उठलेत म्हणून अंगरक्षक मागतो, आणि लोक देतात. हे हवेतलं नाही, अथेन्सच्या पिसिस्ट्रॅटसने असेच अंगरक्षक मागून सत्ता घेतली होती. रोगाचं निदान इतकं अचूक आणि औषध इतकं फसवं, असा दुसरा विचारवंत मी वाचलेला नाही. कारण औषध काय, तर तत्त्वज्ञ राजा. तो प्रयोग सिराक्यूजचा तरुण सत्ताधीश डायोनिसियस याच्यावर करायला तो 367 मध्ये गेला, परत 361 मध्ये गेला, दोन्ही वेळा तोंडघशी पडला. म्हातारपणी 'लॉज' लिहिलं त्यात बघा, तत्त्वज्ञ राजा जवळजवळ गायब, कायद्याचं राज्य, 5040 घरांचं गाव, आणि अधिकारी कायद्याचे नोकर.

अ‍ॅरिस्टॉटल इथून पुढे जातो, आणि मला विचाराल तर न्यायाचा जास्त उपयोगी प्रश्न त्याचा आहे. हा स्टॅगिराचा, म्हणजे अथेन्समध्ये बाहेरचा, तिथे त्याला मत नव्हतं. त्याच्या शाळेने 158 नगरराज्यांच्या घटना गोळा केल्या. त्यातली अथेन्सची तेवढी इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडली आणि 1891 मध्ये छापली गेली, वर मी पंच आणि सोडतीचं जे सांगितलं त्यातलं बरंचसं तिथूनच कळतं.

तो म्हणतो, वाटपातला न्याय म्हणजे समानांना समान, हे सगळ्यांना मान्य आहे, पण समान कशात? इथेच सगळी भांडणं. श्रीमंतांना वाटतं आम्ही पैशात जास्त म्हणजे सगळ्यातच जास्त, गरिबांना वाटतं आपण स्वतंत्र म्हणून जन्मलो त्यात समान म्हणजे सगळ्यातच समान. दोघांचंही थोडं खरं आणि दोघांचंही अर्धवट, आणि याच भावनेतून बंडं होतात. त्याचं उदाहरण बासऱ्यांचं आहे. उत्तम बासऱ्या कुणाला द्यायच्या? घराणं मोठं त्याला नाही, देखणा त्याला नाही, उत्तम वाजवणाऱ्याला, कारण बासरी वाजवण्यासाठी असते. मग राज्य कशासाठी असतं? नुसतं मालमत्तेसाठी असतं तर श्रीमंतांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, जेवढं भांडवल तेवढा हिस्सा, पण ते चांगलं जगण्यासाठी असतं, म्हणून हिस्सा ठरवताना त्या जगण्यात कोण काय भर घालतो ते बघावं लागतं. आपल्याकडे संविधानाच्या कलम 14 वर (कायद्यापुढे समानता) कोर्टात वाद होतो तेव्हा समानांना समान वागणूक आणि वर्गीकरणाला वाजवी आधार आहे का, असंच विचारतात ना, त्या विचाराचं मूळ इथपर्यंत जातं. आरक्षणाच्या कुठल्याही चर्चेत 'मेरिट' शब्द आला की मी पोरांना विचारतो, बासरी कसली आणि ती कशासाठी आहे ते आधी सांगा.

आणि लोकशाहीला तो प्लेटोइतका झोडपत नाही. राज्यांच्या त्याच्या सहा प्रकारांच्या तक्त्यात (तीन चांगले, तीन बिघडलेले) ती बिघडलेल्या प्रकारांत आहे हे खरं, पण तीन बिघडलेल्यांत सगळ्यात सुसह्य. शिवाय तो म्हणतो, एकट्याने खर्च करून घातलेल्या जेवणापेक्षा सगळ्यांनी आपापले पदार्थ आणलेली पंगत चांगली होऊ शकते, म्हणजे आपल्या डबा पार्टीसारखी, तसे अनेक साधे लोक एकत्र बसले की एका शहाण्यापेक्षा बरा निर्णय देऊ शकतात. आणि प्लेटोच्या जहाजाला त्याचं अप्रत्यक्ष उत्तर असं की घर कसं झालंय ते गवंड्यापेक्षा राहणाऱ्याला जास्त कळतं, जेवण कसं झालंय ते आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला. बाकी गुलामगिरी निसर्गाने ठरवलेली आहे असं तो लिहितो, बायकांच्या बाबतीत तर प्लेटोपेक्षा कैक मैल मागे आहे. ते काळाच्या नावावर खपवू नका, कारण गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे असं म्हणणारे लोक त्याच्या काळात होते, त्यानेच त्यांचं म्हणणं नोंदवलंय.

आता तिसरा प्रश्न, आजच्या निवडणुका. अ‍ॅरिस्टॉटल सरळ लिहितो की पदं सोडतीने भरणं हे लोकशाहीचं लक्षण आणि निवडणुकीने भरणं हे श्रीमंतशाहीचं, कारण निवडून यायला नाव, पैसा, घराणं लागतं. हे वर्गात सांगितलं की पोरं दचकतात. म्हणजे त्याच्या मापाने आपली व्यवस्था शुद्ध लोकशाही नाहीच. पण पुढे तो मिश्र घटनेची कृती देतो, तिला तो चांगल्या प्रकारांत धरतो: श्रीमंतशाहीतून निवडणूक घ्या आणि लोकशाहीतून 'मालमत्तेची अट नाही' हे घ्या. जवळपास आपलीच पद्धत झाली की, प्रौढ मताधिकार, कुणीही उभं राहा, पण निवडून या. ही मिश्र घटना टिकायला मधला वर्ग मोठा हवा असंही तो सांगतो, फार श्रीमंतांना आज्ञा पाळता येत नाही आणि फार गरिबांना आज्ञा देता येत नाही म्हणून. तेव्हा त्याला आज इथे आणलं तर तो संविधान वाचून खूश होईल, आणि मग विचारेल की मालमत्तेची अट नाही म्हणता, पण लोकसभेला 25,000 चं डिपॉझिट भरून झाल्यावर प्रचाराला अजून किती लागतात?

परीक्षेसाठी वाचत असाल तर 'रिपब्लिक'ची पहिली दोन आणि आठवं प्रकरण, अ‍ॅरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'चं तिसरं आणि चौथं, एवढं मुळातून वाचा, बाकी नोट्सवर भागेल. सॉक्रेटिसचं कोर्टातलं भाषण (प्लेटोचं 'अपॉलॉजी') त्याच्याही आधी, एका बैठकीत होतं.